ग्रिड कॉम्प्लेक्स आणि सेल्फ-असेंब्ली: नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

एम.एस्सी. इनऑरगॅनिकची मुलं प्रोजेक्टचा विषय निवडायला बसली की साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. पुस्तकात या विषयाला दोन परिच्छेद असतात आणि एक सुंदर चित्र असतं. चित्र बघून सगळ्यांना वाटतं की मेटल आणि लिगँड (मेटलला धरून ठेवणारा रेणू) एकत्र ओतलं की झालं. ओतलं की होतं हे खरंच आहे, पण ओतण्याच्या आधीचे सहा महिने त्या चित्रात दिसत नाहीत, आणि माझ्या मते खरी केमिस्ट्री त्याच सहा महिन्यांत असते.

ग्रिड कॉम्प्लेक्स म्हणजे नेमकं काय हो?

घरातल्या खराट्याचे सहा हीर काढा. तीन हीर उभे, एकमेकांना समांतर ठेवा आणि त्यांच्यावर तीन आडवे ठेवा. आता हीर एकमेकांना ओलांडतात अशा नऊ जागा तयार झाल्या. प्रत्येक जागी, वरच्या आणि खालच्या हिराच्या मधे, एकेक मोहरी ठेवलीय असं समजा. हीर म्हणजे लिगँड, मोहरी म्हणजे मेटल आयन, आणि ही झाली ३×३ ग्रिड. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना तर हे समजावायलाच नको, ठिपके मेटलचे आणि रेघा लिगँडच्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, साध्या ग्रिडमधे सगळे उभे लिगँड मेटलच्या एका बाजूला असतात आणि सगळे आडवे दुसऱ्या बाजूला. म्हणजे ही चटईची वीण नाही, नुसते एकावर एक ठेवलेले हीर आहेत. विणलेल्या ग्रिडही आता बनल्यात, त्याबद्दल पुढे येईलच.

हिशोब सोपा आहे. चौरस ग्रिडमधे बाजूला जितके ठिपके, त्याचा वर्ग म्हणजे मेटल, आणि बाजूच्या ठिपक्यांची दुप्पट म्हणजे लिगँड. २×२ ला ४ मेटल ४ लिगँड, ३×३ ला ९ मेटल ६ लिगँड, ४×४ ला १६ मेटल ८ लिगँड. २×२ चा आकार साधारण दीड-दोन नॅनोमीटर, बस.

मराठीत याला काय म्हणायचं?

ग्रिड कॉम्प्लेक्सला जाळीदार संकुल म्हणा, सेल्फ-असेंब्लीला, म्हणजे तुकडे आपोआप जुळून रचना बनण्याला, स्वयंजुळणी म्हणा, काही चुकीचं नाही. पण लॅबमधे आम्ही सगळे ग्रिड, लिगँड, सेल्फ-असेंब्ली असंच बोलतो, म्हणून इथेही तेच ठेवलंय.

'आपोआप' बनते म्हणजे काय? कुणीच काही करत नाही?

मी पहिल्यांदा बघितलं ते सांगते. लिगँड पांढरा, ॲसिटोनायट्राइलमधे धड विरघळतही नव्हता, ताकासारखं गढूळ दिसत होतं. त्यात लोखंडाच्या मिठाचं, म्हणजे आयर्न टूच्या (टू म्हणजे आयनवर दोन धन चार्ज, वन म्हणजे एक) टेट्राफ्लोरोबोरेटचं द्रावण ड्रॉपरने घालायला लागले तर पहिल्या थेंबाला जिथे थेंब पडला तिथेच गर्द जांभळा ढग आला, आणि जरा गरम करून हलवल्यावर पाचेक मिनिटांत गढूळपणा गेला आणि जांभळाच्या रसासारखं स्वच्छ द्रावण झालं. त्या एवढ्याशा कुपीत किती अब्जावधी ग्रिड एकाच वेळी बनल्या असतील त्याची कल्पना करा, आणि प्रत्येक तंतोतंत सारखी. हाताने एकही जोडलेली नाही.

हे जमतं कारण मेटल आणि लिगँडमधला बाँड सुटू शकतो. चुकीच्या जागी बसलेला लिगँड सुटतो, परत बसतो, परत सुटतो, आणि असं करत करत सगळ्यात स्थिर रचनेपाशी येऊन थांबतो. रांगोळीची रेघ चुकली तर बोटाने पुसून परत काढता येते, पण तीच रेघ ऑइलपेंटने मारली असती तर चूक तशीच राहिली असती. कॉपर वन, सिल्व्हर वन, झिंक, लेड हे रांगोळीवाले, त्यांचे बाँड पटापट सुटतात. रुथेनियम टू ऑइलपेंटवाला, एकदा बसला की हलत नाही, म्हणून त्याच्या ग्रिडसाठी खूप तापवावं लागतं किंवा टप्प्याटप्प्याने जावं लागतं.

म्हणजे 'आपोआप' याचा अर्थ सूचना नाहीत असा नाही. सूचना आहेत, पण त्या आधीच लिगँडमधे लिहून ठेवलेल्या आहेत आणि मेटल आयन त्या वाचतो. ही भाषा झाँ-मारी लेन यांची. फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधे त्यांनी हा विषय उभा केला, १९८७ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना डोनाल्ड क्रॅम आणि चार्ल्स पेडरसन यांच्याबरोबर मिळालं. ते नोबेल ग्रिडसाठी नव्हतं हं, मुलं परीक्षेत हमखास चुकतात. ग्रिड नंतर आल्या.

पण चौकोनच का? लांबच लांब साखळी का नाही होत?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि फार कमी जण विचारतात.

पहिलं कारण भूमितीचं. कॉपर वन किंवा सिल्व्हर वनला चार हात, टेट्राहेड्रल. दोन हात एका लिगँडला आणि दोन हात दुसऱ्याला दिले की ते दोन लिगँड एकमेकांना काटकोनात येतात, दुसरा मार्गच नाही. आयर्न टू, कोबाल्ट टू, झिंक यांना सहा हात चालतात, ऑक्टाहेड्रल. तिथे लिगँडच्या प्रत्येक जागेवर, म्हणजे जिथे एक मेटल बसतो तिथे, तीन नायट्रोजन ठेवायचे, तीन एका लिगँडचे आणि तीन दुसऱ्याचे, की परत काटकोन. म्हणजे चार हातवाल्या मेटलला दोन दातांच्या (दात म्हणजे मेटलला धरणारा नायट्रोजन) जागा आणि सहा हातवाल्याला तीन दातांच्या, एवढं जुळवलं की चौक तयार.

दुसरं कारण लिगँडचा ताठपणा. पिरिडिन, पिरिडाझिन, पिरिमिडिन अशा सपाट रिंगा एकमेकींना थेट जोडलेल्या असतात, त्यामुळे मेटल धरल्यावर लिगँड सरळ पट्टीसारखा राहतो. मधे लवचिक तुकडा घातला तर तो वळतो आणि ग्रिडऐवजी दोन लिगँड एकमेकांभोवती पीळ घेतात, त्याला हेलिकेट म्हणतात. लेन यांच्या ग्रुपने १९८७ मधेच कॉपरचे असे हेलिकेट दाखवले होते, बायपिरिडिनच्या जागा मऊ साखळीने जोडून. मेटल तोच, नायट्रोजन तसेच, फक्त मधला सांधा बदलला की दोरखंड, नाही बदलला की जाळी.

आणि साखळी का नाही, तर साखळीच्या टोकांना मेटलचे हात रिकामे राहतात आणि लिगँडच्या जागाही रिकाम्या राहतात. बंद चौकोनात एकही हात रिकामा नाही. शिवाय तेवढ्याच मालातून एक मोठी साखळी होण्याऐवजी पुष्कळ छोटे चौकोन झाले तर द्रावणात सुट्टे कण जास्त राहतात, आणि एन्ट्रॉपीला, म्हणजे निसर्गाच्या विस्कळीतपणाकडे असलेल्या ओढीला, तेच हवं असतं. म्हणजे सगळे हात भरलेले हवेत आणि कणही जास्तीत जास्त हवेत, या दोन्हीत बसणारी सगळ्यात लहान बंद आकृती म्हणजे २×२. समांतर लिगँड एकमेकांवर साधारण साडेतीन अँगस्ट्रॉमवर येऊन चिकटतात, तो स्टॅकिंगचा फायदा वेगळा.

पहिली ग्रिड कुणी बनवली?

१९९२ मधे, स्ट्रासबुर्गमधेच, यूइनू, फिशर, ऑसबर्न आणि सहकाऱ्यांनी. पिरिडाझिनच्या दोन बाजूंना दोन पिरिडिन असा साधासा लिगँड आणि कॉपर वन. चार कॉपर एका पातळीत. मग १९९४ मधे बॅक्स्टर, लेन आणि मंडळींनी ३×३ आणली, नऊ सिल्व्हर आणि सहा लिगँड, म्हणजे एकूण पंधरा तुकडे एकत्र येऊन एकच वस्तू. त्या काळात पंधरा तुकडे आपोआप जुळणं ही मोठी गोष्ट होती आणि मला ती आजही मोठी वाटते.

मग ५×५, १०×१० का नाही करत? लिगँड लांब केला की झालं ना?

इथेच गंमत आहे. ४×४ झाली, सोळा लेड आणि आठ लिगँडची. मग पाच जागांचा लिगँड घेऊन सिल्व्हरबरोबर प्रयोग केला. कुणीही म्हणेल ५×५ येणार, पंचवीस सिल्व्हर आणि दहा लिगँड. आली ४×५! वीस सिल्व्हर आणि नऊ लिगँड. २००० साली हे छापून आलं.

आता वही घ्या आणि मोजा, कारण हे मोजल्याशिवाय त्यातली मजा कळत नाही. नऊही लिगँड पाच-पाच जागांचेच आहेत. चार लिगँड एका दिशेला, त्यांच्या पाचही जागा भरलेल्या, चार पंचे वीस. पाच लिगँड दुसऱ्या दिशेला, त्यांच्या चारच जागा भरलेल्या, पाच चोक वीस. म्हणजे या पाच जणांची एकेक जागा रिकामी, आणि ती रिकामी जागा मधली. म्हणून ती ग्रिड म्हणजे खरं तर दोन २×५ च्या पट्ट्या आणि त्यांच्या मधे एक मोकळी गल्ली अशी दिसते. वर त्याच द्रावणात दहा सिल्व्हरचं चार पदरी हेलिकेटही होतं आणि दोन्ही एकमेकांत बदलत राहायचे.

असं का, तर लिगँड आपल्याला कागदावर सरळ दिसतो तितका सरळ नसतो. मेटल धरताना तो जरा बाकदार होतो. दोन-तीन जागांपर्यंत तो बाक खपून जातो, पाचाला तो साठत साठत एवढा होतो की एक जागा सोडून देणं परवडतं. भिंत बांधताना प्रत्येक विटेला एक मिलिमीटर फरक पडला तर पहिल्या थरात दिसत नाही, दहाव्या थरात दिसतो, तसंच. 'सगळे हात भरलेले हवेत' हा नियम मी वर ठासून सांगितला, तोसुद्धा ताणापुढे वाकतो. मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम देते, कारण डिझाइन फसलं तरी जे आलं ते अपेक्षेपेक्षा जास्त शिकवून गेलं.

लिगँड बनवायला एवढा वेळ का लागतो?

कारण तिथे आपोआप काही होत नाही. तीन किंवा पाच जागांचा पिरिडाझिनवाला लिगँड म्हणजे एकेक रिंग जोडत जायचं, कपलिंग (जोडणी), कॉलम (शुद्धीकरण), परत कॉलम, आणि शेवटी हातात येतात दहा-वीस मिलिग्रॅम. शिवाय सपाट लांब रेणू एकमेकांना चिकटून बसतात आणि कशातच विरघळत नाहीत, म्हणून मिथाइल किंवा एखादा लांब गट लावावा लागतो. घाई असेल तर हायड्रॅझोनचा रस्ता धरा. डायक्लोरोपिरिमिडिनपासून डायहायड्रॅझिनो करायचं आणि ते पिरिडिन-२-कार्बाल्डिहाइडबरोबर इथेनॉलमधे उकळायचं, तीन दातांच्या दोन जागा असलेला लिगँड तयार. एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टला झेपतं. फक्त हायड्रॅझिन हायड्रेट विषारी आहे, फ्यूम हूडबाहेर बाटली उघडायची नाही म्हणजे नाही.

या हायड्रॅझोन लिगँडचा आणखी एक फायदा. प्रत्येकात दोन एनएच (नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन) असतात, चार लिगँड म्हणजे आठ. बेस घातला की प्रोटॉन निघतात, ग्रिडवरचा चार्ज बदलतो आणि रंगही बदलतो, ॲसिड घातलं की परत पहिल्यासारखं. कोबाल्टच्या ग्रिडवर लेन यांच्या ग्रुपमधे हे केलेलं आहे.

ग्रिड बनली हे कळतं कसं? रंग आला म्हणजे बनली का?

नाही! रंग आला म्हणजे मेटलला नायट्रोजन मिळाले, एवढंच. अर्धवट जुळलेलं काहीही रंगीत दिसू शकतं.

सगळ्यात आधी एनएमआर, म्हणजे रेणूतल्या प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या अणूचा वेगळा सिग्नल दाखवणारा स्पेक्ट्रम. सुटे तुकडे आणि अर्धवट रचना असतील तर स्पेक्ट्रम म्हणजे गवत उगवल्यासारखं दिसतं. २×२ पूर्ण जुळली की चारही लिगँड सारखे आणि प्रत्येकाचे दोन्ही अर्धे सारखे, त्यामुळे फक्त अर्ध्या लिगँडचे सिग्नल उरतात, स्वच्छ, टोकदार. हे पहिल्यांदा स्वतःच्या सॅम्पलमधे दिसतं ना, तो दिवस लक्षात राहतो. ३×३ मधे लिगँड दोन प्रकारचे, कडेचे चार आणि मधले दोन. सिल्व्हर तीन प्रकारचे, कोपऱ्यातले चार, बाजूच्या मधले चार आणि केंद्रातला एक, आणि सिल्व्हरचाच एनएमआर घेतला तर हे ४:४:१ बघता येतं. नऊ ठिपक्यांची रांगोळी समोर ठेवा म्हणजे पटेल.

कोबाल्ट असेल तर घाबरू नका, पॅरामॅग्नेटिक (सुटे इलेक्ट्रॉन असलेला) असल्याने सिग्नल शंभर पीपीएमपर्यंत (एनएमआरच्या पट्टीवरचं एकक) पसरतात, रेंज वाढवून घ्या.

मग मास स्पेक्ट्रम (रेणूचं वजन सांगणारा), इलेक्ट्रोस्प्रेच हवा, आणि व्होल्टेज कमी ठेवा नाहीतर ग्रिड आतच तुटते आणि तुम्हाला वाटतं बनलीच नाही. शेवटचा शब्द मात्र सिंगल क्रिस्टल एक्स-रेचा.

माझ्या एनएमआरमधे नेहमी जास्तीचे सिग्नल येतात. काय चुकतंय?

दहापैकी आठ वेळा वजन चुकलेलं असतं. २×२ ला मेटल आणि लिगँड १:१ हवेत, ३×३ ला ३:२, आणि यात पाच टक्के इकडेतिकडे झालं तरी कचरा दिसतो. मी स्वतः एक अख्खा पावसाळा यात घालवलाय. झिंक ट्रायफ्लेट हवेतलं पाणी ओढतं. जुलैमधे काट्यावर ठेवलं की आकडा डोळ्यांसमोर वाढत जायचा, आणि मी बिचारी लिगँड अशुद्ध आहे म्हणून परत परत कॉलम करत होते. शेवटी मिठाचं द्रावण करून त्याची ताकद टायट्रेशनने काढली आणि मायक्रोलीटर सिरिंजने थोडं थोडं एनएमआर ट्यूबमधेच घालत गेले. जास्तीचे सिग्नल कमी होत होत एका थेंबाला गायब झाले. तेव्हापासून तोलण्यावर विश्वास नाही, टायट्रेशनवर आहे.

दुसरं, वाट बघा. मोठ्या ग्रिडना रात्रभर साठ-सत्तर अंशाला ठेवावं लागतं. कॉपर वन असेल तर नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली काम करा, सिल्व्हर असेल तर कुपीला फॉइल गुंडाळा. आणि परक्लोरेटची मीठं वापरू नका, जुन्या पेपरांत दिसतात पण कोरडी झाल्यावर स्फोट होऊ शकतो. टेट्राफ्लोरोबोरेट, ट्रायफ्लेट, हेक्साफ्लोरोफॉस्फेट यांनी काम भागतं.

एमओएफ आणि ग्रिड एकच ना?

नाही. एमओएफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) ही न संपणारी जाळी, घन पदार्थ, विरघळत नाही. ग्रिड हा एक सुटा रेणू आहे, मोजून चार किंवा नऊ मेटलचा, आणि तो विरघळतो.

याचा उपयोग काय? कॉम्प्युटर मेमरी बनते असं वाचलं.

मेमरी 'बनते' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. शक्यता आहे, आणि ती का आहे ते सांगते.

आयर्न टूच्या दोन अवस्था असतात, लो स्पिन जिथे चुंबकत्व नाही आणि हाय स्पिन जिथे चार सुटे इलेक्ट्रॉन आहेत. २००० साली चार आयर्नच्या २×२ ग्रिडमधे दाखवलं की तापमान, दाब आणि प्रकाश, तिन्हींनी ही अवस्था बदलता येते. चालू-बंद बटणासारखं हे वाटतं, पण बदल सावकाश होतो आणि पूर्णही होत नाही, कारण एका आयर्नचे बाँड लांबले की ताठ चौकटीतल्या शेजाऱ्यावर ताण येतो. पिरिमिडिनवर कुठला गट लावता यावर ग्रिड बटण होणार की कायम लो स्पिन राहणार हे ठरतं. हायड्रोजन ठेवला तर लो स्पिन, मिथाइल किंवा फिनाइल लावला तर बदल दिसतो. एका मिथाइलने एवढा फरक!

कोबाल्टच्या २×२ ग्रिडने तर दहा रिव्हर्सिबल पायऱ्यांत अकरा इलेक्ट्रॉन घेतले, तेही २००० मधलंच काम. एवढ्याशा रेणूत एवढ्या अवस्था, म्हणून मेमरीची भाषा सुरू झाली. जर्मनीत ग्योटिंगेनला फ्रांक मायर यांच्या ग्रुपने दोन प्रकारच्या आयर्नची २×२ ग्रिड केली, जिच्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांची एक जोडी वेगळ्या अवस्थेत असते. कर्ण या बाजूचा की त्या बाजूचा, हेच शून्य आणि एक, म्हणजे क्वांटम सेल्युलर ऑटोमेटाचं (अशा घरांच्या अवस्थांनी गणित करण्याची कल्पना) जे चार ठिपक्यांचं घर असतं ते एका रेणूत. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडमधे थॉम्पसन यांच्या ग्रुपने नऊ मँगनीजची ३×३ ग्रिड केली, ती मॅग्नेटिझमवाल्यांची फार लाडकी आहे.

अडचण अशी की एकेका ग्रिडला पत्ता देऊन तिच्यातलं वाचायचं कसं. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर ग्रिड मांडून स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली बघता आल्यात, पण बघणं वेगळं आणि वायर जोडणं वेगळं.

विणलेल्या ग्रिडबद्दल सांगणार होतात.

हो. मँचेस्टरमधे डेव्हिड ली यांच्या ग्रुपने लिगँड असा बेतला की तो एका मेटलपाशी वरून आणि पुढच्या मेटलपाशी खालून जातो. म्हणजे आता हीर एकावर एक ठेवलेले नाहीत, खरोखरचा ताणा-बाणा आहे, चटई आहे. ३×३ ची अशी विणलेली ग्रिड घेऊन तिची टोकं शेजारच्या ग्रिडना जोडत गेले आणि मग मेटल काढून टाकला. मेटल गेला तरी वीण सुटत नाही, कारण धागे एकमेकांत अडकलेत. रेणूंचं कापड! २०२० मधे आलं हे. तशाच विणलेल्या ३×३ ची टोकं आपापसात बांधली तर बौद्ध चिन्हांतली ती न संपणारी गाठ मिळते, तीही त्यांनी केली.

इथे मेटलचं काम मागावरच्या कारागिरासारखं आहे, धागे योग्य जागी ओलांडेपर्यंत धरून ठेवायचे आणि मग निघून जायचं. मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर टप्पा वाटतो, कारण पंचवीस-तीस वर्षं ग्रिड ही शेवटची वस्तू होती, इथे ती पुढच्या वस्तूचं साधन झाली.

क्रिस्टल येतच नाहीत. काहीतरी सांगा.

लहान कुपीत ग्रिडचं ॲसिटोनायट्राइल किंवा नायट्रोमिथेनमधलं द्रावण, ती कुपी मोठ्या बाटलीत, मोठ्या बाटलीत डायआयसोप्रोपाइल इथर, झाकण घट्ट. साधा इथर फार लवकर आत शिरतो आणि पावडर पडते. एकाच मिठावर अडून बसू नका, तोच लिगँड आणि तोच मेटल घेऊन तीन-चार वेगवेगळ्या ॲनायनच्या (मिठातल्या ऋण आयनच्या) कुप्या एकदम लावा, आठ चार्जच्या ग्रिडभोवती आठ ॲनायन कुठेतरी बसायचे असतात आणि कुणाला कुठली जागा पटेल ते आधी सांगता येत नाही. बाटल्या अशा कपाटात ठेवा जिथे दार आपटत नाही, फ्रिजवर तर नकोच, कॉम्प्रेसर हलवतो. दहा दिवस हात लावायचा नाही. आणि आले की आनंदाच्या भरात गाळून वाळवायला घेऊ नका, आतलं सॉल्व्हंट उडालं की दोन मिनिटांत तडे जातात. मदर लिकरमधेच (ज्या द्रावणात ते वाढले त्यातच) ठेवून, कुपी तशीच हातात धरून, चालत डिफ्रॅक्टोमीटरपर्यंत (क्रिस्टलच्या एक्स-रेच्या यंत्रापर्यंत) न्या.